सोबत जोडलेला नंबर

विषय : एकवीस किलोमीटर शर्यतीच्या निकालातील क्रमांक २७४६ ची नोंद रद्द करणेबाबत.

संदर्भ : सदर क्रमांकाच्या धावपटूच्या पत्नीने समक्ष दाखल केलेला अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जाच्या तळाशी 'सोबत : मूळ नंबर' असे लिहिलेले आहे. तो मूळ नंबर म्हणजे मी. स्पर्धा समितीच्या कचेरीत, फायलीच्या डाव्या कोपऱ्यात, टाचणीने टोचलेल्या अवस्थेत बोलतो आहे. टोचून घेण्याची मला सवय आहे. जन्मच त्यासाठी.

शर्यतीत पळणारे लोक चार पिना लावून छातीवर जो आकडा मिरवतात, तो मी. ते मला 'बिब' म्हणतात. तान्ह्या बाळाच्या लाळेऱ्यालाही इंग्रजीत म्हणे हाच शब्द आहे. काम साधारण तेच.

मी कागदासारखा दिसतो, पण कागद नाही. घामाने भिजत नाही, ओढाताणीने फाटत नाही. मला काही वाटते की नाही, हे मला सांगता येत नाही. वाटण्याची सोय कारखान्यातच ठेवलेली नसावी. माझ्या पाठीवर नखाएवढी एक चिप चिकटवली आहे. रस्त्यावर अंथरलेल्या रबरी पट्टीवरून गेलो की ती 'टिट' करते आणि कचेरीतल्या यंत्रात वेळ नोंदली जाते. आपण कोणाच्या छातीवर आहोत, हे चिपला कळत नाही. या प्रकरणाचे मूळ तेवढेच आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. हजारो भावंडे एकाच गुंडाळीवर, एकापुढे एक. माझ्या अलीकडे २७४५, पलीकडे २७४७. कटर फिरला आणि एकत्र कुटुंब विभक्त झाले. पुढे शर्यतीत २७४५ एकदा दिसला होता, पण तो एका भारदस्त गृहस्थाच्या पोटावर होता आणि स्वतःच इतका ताणला गेला होता की ओळख दाखवण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

आकड्याखाली एक शब्द छापतात. नावनोंदणी करतानाच विचारून घेतात, की नंबरवर कोणते नाव हवे? लोक तिथे हौस भागवून घेतात. चित्ता, तुफान, वादळ. त्यातले निम्मे चित्ते पुढे दहाव्या किलोमीटरला फुटपाथवर बसून पोटऱ्या चोळताना मी पाहिले. माझ्या मालकाने 'कासव' लिहिले होते. सगळे त्याला त्याच नावाने हाक मारायचे आणि त्याला त्यात वावगे काही वाटत नसे.

कासव लिफ्ट दुरुस्त करायचा. लोकांना चार पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून हा माणूस दिवसभर कोपरापर्यंत ग्रीसमध्ये बुडायचा आणि रोज सकाळी उठून स्वतः विनाकारण तासभर पळायचा. यातली विसंगती त्याच्या बायकोने त्याला वेळोवेळी दाखवून दिलेली होती. पळायचा म्हणजे तरी किती? शाळेत चाललेली पोरे पाठीवर दप्तर घेऊन त्याला ओलांडून जायची आणि वर 'काका, चला चला' म्हणून धीर द्यायची.

मी पाकिटातून घरी आलो त्या संध्याकाळी त्याने मला जुन्या निळ्या शर्टावर लावले आणि आरशासमोर उभा राहिला.

"बघ गं, सरळ बसलाय का?"

बायको टेबलाशी बसून चष्म्याच्या काचा फडक्याने पुसत होती. ती चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. डोळ्यांचा नंबर आणि काचेचा नंबर जुळतो की नाही, हे तपासून मगच चष्मा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, हे तिचे काम. तिने मान वर केली.

"नंबर सरळ आहे. माणूस वाकडा आहे."

"यंदा शेवटच्या शंभरात नाही यायचो मी."

"मग?"

"शेवटच्या दीडशेत."

"अरे वा! बँडवाल्यांना सांगून ठेवू?"

तो हसला. शर्ट काढता काढता म्हणाला, "तुला सांगू का, दिवसभर कोणी वर बोलावतं, कोणी खाली बोलावतं. सकाळचा तो तासभर मी नुसता पुढे जातो."

"पुढे कुठं? परत घरीच तर येता."

"परत यायला आधी जावं लागतं ना, बाई."

पळण्याबद्दल थोर थोर वचने मी शर्यतीच्या फलकांवर वाचली आहेत. त्यांत जिद्द असते, शिखर असते, वेदनेवर विजय असतो. कासवाचे म्हणणे एवढेच होते, आणि तेही कोणी खोदून विचारले म्हणून. त्याने मला शर्टासकट खुंटीवर टांगले.

त्यानंतर दोनच दिवसांनी, भर दुपारी, एका उंच इमारतीच्या गच्चीवरल्या मोटरच्या खोलीत तो बसल्या जागी गेला. हृदय बंद पडले. लिफ्टही बंद होती. तीच दुरुस्त करायला तो गेला होता. त्यामुळे त्याला जिन्याने खाली आणावे लागले.

भेटायला येणाऱ्यांत दोन पक्ष होते. "रोज पळायचा, तरी असं?" हा एक. "रोज पळायचा म्हणूनच असं," हा दुसरा. दोन्ही पक्षांनी आपापली बाजू चहाबरोबर मांडली. बायको कप भरत होती, रिकामे कप उचलत होती, कोणाला बिनसाखरेचा हे बरोबर लक्षात ठेवत होती. ती रडली नाही. 'धीराची आहे हो,' असे लोक जाताना जिन्यात म्हणाले. मी खुंटीवरून पाहत होतो. तो धीर नव्हता. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला असून आपला राहत नाही, तसे तिचे सगळे झाले होते.

आता मास्तरविषयी सांगितले पाहिजे. मास्तर म्हणजे कासवाचा पळण्यातला सोबती. हा ड्रायव्हिंग शिकवतो. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून 'हळू, हळू, अहो ब्रेक!' असे ओरडायचे आणि सकाळी स्वतः ब्रेक नसल्यासारखे सुटायचे, असा त्याचा दिनक्रम. हे दोघे एकत्र पळत, म्हणजे एकत्र निघत. मास्तर पुलापर्यंत पुढे जाई, वळून कासवापर्यंत मागे येई, पुन्हा पुढे जाई. मेंढरे हाकणारे कुत्रे करते तसे. शर्यतीतही तेच. मास्तर आधी पोचायचा, गळ्यात पदक घालून घ्यायचा आणि रस्त्याच्या कडेने उलटा चालत मागे जायचा. कासव दिसला की त्याच्या शेजारी लागायचा. शेवटचा किलोमीटर दोघे बोलत बोलत यायचे. कित्येक वर्षांत कासवाने शेवटचा किलोमीटर एकट्याने पळलेला नव्हता.

त्या वर्षी मास्तरची नावनोंदणी राहून गेली. 'उद्या करतो, उद्या करतो' म्हणता मुदत संपली. वेगवान माणसांना नेहमी वाटते, अजून पुष्कळ वेळ आहे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तो घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला.

"वहिनी, त्याचा नंबर आहे ना घरात?"

"खुंटीवर आहे."

"उद्या मी घालून पळू का? त्याच्या वेगानं पळतो. अगदी हळू. त्याचं पळणं पुरं होईल."

"न्या."

"तुम्हाला चालेल ना पण?"

"न्या की, भावोजी."

शेजारणीने शिडी मागावी आणि आपण 'न्या' म्हणावे, त्या आवाजात ती बोलली.

दुसऱ्याच्या नंबरवर पळणे नियमात बसत नाही. पण पळणाऱ्यांत ते चालते. एकाचा घोटा मुरगळतो, दुसऱ्याची नोंदणी हुकलेली असते, नंबर या छातीवरून त्या छातीवर जातो. कोणी विचारत नाही, कारण विचारणाराही कधीतरी कोणाच्या तरी नंबरवर पळालेला असतो.

तर दुसऱ्या दिवशी मी मास्तरच्या छातीवर होतो. छातीवर असले की पुढचे दिसते आणि मागचे ऐकू येते. पुढे डोकीच डोकी होती. मागे ठोके पडत होते.

सुरुवातीला त्याने शब्द पाळला. रस्त्याच्या डाव्या अंगाने, हळूहळू, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून तो पळत राहिला. जागा सोडायची त्याला सवय होती. पण मोकळी जागा दिसली की लोक घुसतातच. एक हिरव्या टोपीवाला बाजूने आला आणि नेमका त्या जागेत पळू लागला. मास्तरने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. मग त्याने जो वेग घेतला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

तो रडत नव्हता. दाढी करताना माणसाचे तोंड असते तसे त्याचे तोंड होते. पाणी देणाऱ्यांनी हात पुढे केले, ते त्याने पाहिलेही नाहीत. पळण्यात लोकांना काय सापडते, हे मला त्या दिवशी कळायला हवे होते. मला फक्त ठोके, श्वास आणि पावले एवढेच कळले. ते तिन्ही मिळून माणसाला इतके भरून टाकतात की चौथे काही ठेवायला जागा उरत नाही. बहुधा त्यासाठीच पळत असावेत.

शेवटची पट्टी आली. मी 'टिट' केले. कोणीतरी त्याच्या गळ्यात पदक अडकवले. मास्तर दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, सरळ झाला, आणि दोरीखालून पलीकडे जाऊन रस्त्याच्या कडेने उलटा चालू लागला.

तो कासवाला आणायला निघाला होता. सवय.

शेवटच्या किलोमीटरची पाटी लावली होती तिथे तो उभा राहिला. मधल्या गटातले गेले, मागचे गेले. मग चालणारे आले. लंगडणारे आले. एक आजीबाई दोन नातींना ओढत आल्या. शेवटचा धावपटू गेला, त्याच्यामागून रुग्णवाहिका गेली, तिच्यामागून कागदी पेले गोळा करणारे गेले. मास्तर तिथेच.

पाण्याचे टेबल आवरणारी एक मुलगी जवळ आली. "काका, कोणाची वाट बघताय?"

मास्तरने खाली पाहिले आणि माझ्यावर बोट ठेवले. "ह्याची."

तिने वाचले. "कासव? मग ते तुम्हीच ना?"

"नाही," मास्तर म्हणाला. मग त्याने एकेक पिन काढली आणि माझी घडी करून खिशात ठेवली. एक पिन बोटाला लागली. त्या रक्ताच्या थेंबाकडे तो, हे कोणाचे, अशा नजरेने बघत राहिला.

या सगळ्या वेळात तिकडे व्यासपीठावर 'वयोगटात तिसरे, कासव!' असा पुकारा तीनदा झाला. निवेदकाने त्यावर कासवाच्या कर्तृत्वाबद्दल एक विनोदही केला, असे नंतर कळले. घ्यायला कोणीच गेले नाही.

त्याच दिवशी मास्तरने मला आणि पदकाला घरी आणून दिले. उंबऱ्यातूनच म्हणाला, "वहिनी, हळू नाही जमलं. सॉरी." तिला काही कळले नाही. तिने आम्हाला खुंटीवर टांगले आणि दार लावले.

कळले ते कुरिअर आले तेव्हा. खोक्यात चषक होता. त्यावर शर्यतीचे नाव होते, तिसरा क्रमांक होता आणि त्याखाली तिच्या नवऱ्याचे नाव, टोपणनावासकट.

मग सुरू झाले. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांनी कासवाला रोज सकाळी डोळ्यांनी पाहिले होते, ते जिन्यात म्हणाले, "वहिनी, मिस्टर तुमचे एवढे जोरात पळत असतील असं वाटलं नव्हतं हो."

"नव्हतेच पळत."

"तुमचा विनय आहे," ते म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात तेच गृहस्थ दुसऱ्या कोणाला सांगत होते, "वाऱ्यासारखा जायचा! मी स्वतः बघितलंय."

कासवाच्या कंपनीने त्याचा फोटो मोठा करून मुख्य कचेरीच्या लिफ्टमध्ये लावला. खाली लिहिले, 'आमचा गतिमान सहकारी'. तेव्हापासून तो तिथे दिवसभर वर जातो आणि खाली येतो.

लग्न होऊन दूरगावी गेलेल्या मुलीचा फोन आला.

"आई, राहू दे ना तसंच. बाळाला सांगायला छान आहे. आजोबा तिसरे आले होते."

"बाळाला काय सांगायचं? जे नव्हतं ते?"

"त्यानं कोणाचं काय बिघडतंय?"

फोनची वायर नव्हती, म्हणून बायकोने माझे एक टोक धरले आणि बोटाभोवती गुंडाळू लागली.

"हे बघ, मला काही वाटत नाहीये. ते गेले तेव्हा वाटलं नाही, अजून वाटत नाही. जेवते, कामाला जाते, सगळं कापसात बांधल्यासारखं. एवढं एकच टोचतं. काचेचा नंबर पाव इकडचा तिकडे झाला तर मी चष्मा परत पाठवते. आणि हा तर माझ्याच घरचा माणूस चुकीचा छापलाय. एवढं तरी नीट करू दे मला."

दुसऱ्या दिवशी तिने मला पर्समध्ये घातले आणि ती मास्तरच्या ड्रायव्हिंग स्कूलवर गेली. मास्तर दोन ब्रेकांच्या गाडीत बसला होता. ती शिकाऊ माणसाच्या जागेवर, स्टीअरिंगसमोर बसली आणि मला बाहेर काढून पुढे ठेवले.

"भावोजी, मला ही नोंद काढून टाकायचीय."

मास्तरने सवयीने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी उभीच होती.

"मग कोण पळालं ते विचारतील."

"विचारतील."

"माझ्यावर बंदी येईल, वहिनी. दोन वर्षं एकही शर्यत नाही. माझं दुसरं आहे काय? दिवसभर ही गाडी आणि हे गिअर."

"म्हणून तर आधी तुमच्याकडे आले."

तो समोरच्या काचेतून बघत राहिला. "जन्मभर शेवटी आला बिचारा. गेल्यावर एकदा पुढे गेला, तर कुठं काय बिघडलं?"

"त्यांना जायचं होतं का पुढे?"

मास्तरने पुन्हा ब्रेक दाबला.

"तुम्ही हळू पळतो म्हणाला होतात," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. पावतीवरची तारीख वाचावी तसे.

"म्हणालो होतो. पण हळू पळायला गेलो की तो बाजूला नाही हे कळायचं." मास्तरने गिअरच्या मुठीवरची धूळ अंगठ्याने पुसली. "जोरात पळताना तो नेहमी मागेच असायचा ना. मग जोरात पळालो की वाटायचं, आहे मागे. येतोय."

बाहेर एक शिकाऊ उमेदवार घड्याळात बघत उभा होता. आत स्टीअरिंग तिच्या हातात, ब्रेक त्याच्या पायाखाली, आणि गाडी भिंतीकडे तोंड करून.

"मी तुमचं नाव सांगणार नाही," शेवटी ती म्हणाली. "पण अर्ज करणार."

अशा रीतीने मी या कचेरीत आलो.

इथला कारकून वाईट नाही. फायलीत राहिले की कारकून या प्राण्याबद्दल थोडा आदर उत्पन्न होतोच. पर्सच्या उघड्या तोंडातून मला तो दिसत होता. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"निकालात नाव घाला म्हणून लोक येतात. काढा म्हणून तुम्ही पहिल्याच. धावपटूनं स्वतः सही करायला हवी."

"ते वारले."

"कधी?"

"शर्यतीच्या आधी."

त्याने निकाल पाहिला, मग तिच्याकडे पाहिले. "तिसरे आलेत."

"म्हणूनच आले मी."

"मग पळालं कोण?"

"ते लिहिलेलं नाही."

"ते दिसतंय मला. दुसऱ्याच्या नंबरवर पळालं तर दोघांना दोन दोन वर्षं बंदी आहे. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला."

"त्यातला एक तर गेला."

"नियम दोघांना आहे," कारकून म्हणाला. मग त्यालाच ते कसेसे वाटले असावे. त्याने पेन उचलले. "बरं. ही नोंद चूक म्हणता. मग बरोबर काय लिहू? इथं 'दुरुस्त नोंद' असा रकाना आहे. त्यांना साधारण किती वेळ लागला असता?"

"किती म्हणजे," ती म्हणाली, "ते आधी सगळ्यांना पुढे जाऊ देतात. मग निघतात. पुलावर थांबून खाली पाणी बघतात. पाणी देणाऱ्या पोरांना विचारतात, कितवीत आहेस, गणित आवडतं का. रिकामा पेला रस्त्यात नाही टाकत, डबा शोधत जातात. कोणी बसलेला दिसला की तो उठेस्तोवर त्याच्यापाशी उभे राहतात, आणि तो उठून त्यांच्याही पुढे निघून जातो. डावा पाय घासतात. मला घरातून ऐकू येतं, कोपऱ्यावरून वळले की. फर्र, फर्र. मग मी पाणी उकळायला ठेवते, म्हणजे वर येईपर्यंत..."

तिथे ती थांबली.

त्यानंतर तिला काय झाले हे मी पाहिलेले नाही, कारण रुमाल काढून तिने पर्स मिटली आणि मी आत होतो. ऐकू मात्र आले. बराच वेळ येत राहिले. कारकुनाने खुर्ची सरकवली, पंखा मोठा केला आणि पलीकडच्या टेबलावर कोणी काही बोलू लागले त्याला 'शूः' केले.

सगळे शांत झाल्यावर तिने नाक पुसले आणि म्हणाली, "लिहा. धावले नाहीत."

कारकुनाने 'दुरुस्त नोंद : धावले नाहीत' असे लिहिले. तिने जे सांगितले होते त्याला रकाना नव्हता. 'प्रत्यक्ष कोण धावले' हा रकाना होता, तो मोकळा राहिला. तिने मला पर्समधून काढून त्याच्या हाती दिले. त्याने टाचणी लावली.

अपूर्ण अर्जाचे जे होते ते झाले. कचेरीबाहेर फलकावर सूचना लागली, की क्रमांक २७४६ घालून प्रत्यक्ष कोण धावले याची माहिती असणाऱ्याने कळवावे, अन्यथा अर्ज फेटाळण्यात येईल व निकाल कायम समजण्यात येईल.

मुदत संपायच्या दिवशी मास्तर आला. कचेरी बंद व्हायच्या जरा आधी. धापा टाकत नव्हता, म्हणजे चालत आला असावा.

"मी पळालो होतो," तो म्हणाला. "कुठं लिहू?"

कारकुनाने रकान्यावर बोट ठेवले, पण कागद सोडला नाही. "विचार करा. अर्ज पडला तर तिसरा नंबर राहतो. तुम्ही मोकळे. कोणाचंच नुकसान नाही."

"वहिनींचं आहे."

"मग तुम्ही पळणार कुठं?"

"सकाळी आमच्या रस्त्यावर. हल्ली हळू पळून बघतोय."

"जमतं?"

"पुलापर्यंत जमतं." मास्तरने सही केली. "तिथनं चालत येतो."

जाताना त्याने बजावले, की यातले वहिनींना काही कळता कामा नये.

पण ती दर आठवड्याला फोन करते. आवाज माझ्यापर्यंत येतो. टेबल जुने आहे आणि कारकुनाला कमी ऐकू येते, म्हणून तो फोन मोठा ठेवतो. "विचाराधीन आहे," असे तो दर खेपेला सांगतो. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिने विचारले, "तो मोकळा रकाना?"

"भरला."

"कोणी?"

"ते मला सांगता येत नाही, बाई."

"तो पुन्हा मोकळा करता येतो का?"

"त्यासाठी वेगळा अर्ज लागेल. आणि होईल असं नाही."

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून परस्पर आली. कोरा कागद मागितला आणि बाकावर बसून लिहिले. कारकुनाने तो कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग आवक शिक्का मारला आणि तो माझ्याखाली टाचला. त्यामुळे मला तो पाठ झाला आहे. मजकूर असा :

'सदर प्रकरणी दोन्ही व्यक्तींना प्रत्येकी दोन वर्षे बंदी येते असे समजते. विनंती की दोघांची मिळून चार वर्षे माझ्या पतीच्या नावे लावण्यात यावीत. नंबर त्यांचा होता व तो माझ्या हातून दिला गेला. त्यांची हरकत असणार नाही. त्यांना कधीच घाई नव्हती.'

अशी तरतूद नियमात नाही. अशी मनाईही नाही. कारकुनाने नियमांचे पुस्तक दोन्ही बाजूंनी वाचून पाहिले आणि 'समितीपुढे ठेवावे' असा शेरा मारला.

मला विचाराल तर माझे म्हणणे फार नाही. मी दोन माणसांच्या छातीवर होतो आणि दोघांचेही ठोके मला ऐकू आले. त्यांतला एक ठोका आरशापुढचा, अगदी सावकाश. निकालपत्रकात तो धावला नाही असे लिहावे. लिफ्टमधला फोटोही कोणी काढून घेतला तर बरे. मला परत खुंटीवर पाठवावे किंवा पाठवू नये. मी भिजत नाही, फाटत नाही, माझे कुठेही चालेल.

पुढच्या शर्यतीची नावनोंदणी सुरू झाली आहे. मास्तर पहिल्याच दिवशी खिडकीवर येऊन उभा राहिला. निर्णय होईपर्यंत त्याचा अर्ज घेता येत नाही आणि नाकारताही येत नाही, असे त्याला सांगण्यात आले. 'बरं,' म्हणून तो गेला.

समितीची बैठक एकदा बोलावली होती. पुरेसे सदस्य आले नाहीत. पुढची तारीख ठरलेली नाही. दोन्ही अर्ज विचाराधीन आहेत.